दुखवट्याच्या वेळी बसून राहिल्याबाबत

मी, वय बासष्ट, धंदा काही नाही, वजने-मापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त, राहणार महापालिकेच्या प्रसूतिगृहासमोरील मोठ्या रस्त्याच्या अलीकडची कर्मचारी वसाहत, तळमजला. नाव तक्रार अर्जात लिहिले आहे तेच आहे, त्यात चूक नाही. महापौरांच्या तक्रारीवरून मला ठाण्यात बोलावले. मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो ते असे की,

मी सध्या घरी एकटा राहतो. मुलगी व जावई परगावी असतात. माझी पत्नी वरील प्रसूतिगृहात परिचारिका होती. तिथे तिला सगळे सिस्टर म्हणत. आमच्या वसाहतीतली निम्मी मुले तिच्या हातावर जन्मलेली आहेत. तिच्या निवृत्तीला दोन वर्षे बाकी होती. मागील महिन्यात ती मयत झाली. तिच्याच बाबतीत सभागृहात जे घडले त्यावरून माझ्याविरुद्ध ही तक्रार आहे, म्हणून आधीची हकीकत सांगणे भाग आहे.

आमची वसाहत रस्त्याच्या एका बाजूस व प्रसूतिगृह दुसऱ्या बाजूस आहे. मध्ये पूर्वी पांढरे पट्टे व सिग्नल होता. मोठ्या रस्त्यांवर गाड्या कुठेही थांबू नयेत असे धोरण महापालिकेने गेल्या वर्षी ठरवले. पट्ट्यांवर काळा रंग फासला, सिग्नलचे खांब काढून नेले, दुभाजकावर कमरेच्या वर जाणारी लोखंडी जाळी बसवली आणि माणसांसाठी वरून पादचारी पूल बांधला. पुलाला दोन्ही बाजूंनी लिफ्ट आहे. उद्घाटनाच्या दिवशी महापौर फोटोवाल्यांसह एकदा त्या लिफ्टने वर गेले व जिन्याने खाली आले. दुसऱ्या दिवसापासून लिफ्टला कुलूप आहे. किल्ली जाहिरातीच्या कंत्राटदाराकडे असते. लिफ्टमध्ये त्यांची शिडी, दोऱ्या व जुन्या फलकांची भेंडोळी ठेवलेली असतात. काचेतून ती कोणालाही दिसतात. पुलाच्या दोन्ही अंगांना जाहिरातींचे दिवे मात्र भर दुपारीसुद्धा चालू असतात. माझी पत्नी म्हणत असे, "पूल जाहिरातींसाठीच बांधलाय. माणसं उगाच मधे मधे करतात."

तिचे गुडघे गेलेले होते. उभ्याने करायची नोकरी होती. जिना ती चढत असे, पण उतरताना कठडा धरून एकेक पायरी बाजूने उतरावी लागे, व खाली आल्यावर काही वेळ तिथेच उभे राहावे लागे. प्रसूतिगृहात येणाऱ्या बायकांचीही तीच अडचण होती. दिवस भरत आलेली बाई दोन मजले चढून दोन मजले उतरणार कशी, हा प्रश्न तिने वरिष्ठांना विचारला होता. "धोरण आहे, सिस्टर," एवढेच उत्तर तिला मिळाले होते. पुढे कोणीतरी जाळीची एक चौकट उचकटून माणूस जाईल एवढी फट केली. कोणी केली ते मला माहीत नाही. ती फट सगळेच वापरू लागले. डॉक्टरही वापरत.

तिची पाळी सुटण्याच्या वेळेस मी रोज रस्त्यापर्यंत जात असे. त्या दिवशीही गेलो होतो. मी रस्त्याच्या अलीकडे होतो. ती फटीतून या बाजूस आली होती. तिने मला पाहिले होते. पुढचे पंचनाम्यात आहे. त्याबद्दल मला इथे अधिक काही सांगायचे नाही.

अंत्यविधीनंतर आमच्या वॉर्डाच्या नगरसेविका घरी आल्या. त्या तरुण आहेत, पहिल्यांदाच निवडून आल्या आहेत. त्यांचा धाकटा मुलगा माझ्या पत्नीच्या हातावरच झाला होता. त्या म्हणाल्या, "काका, मी हे सोडणार नाही. सभागृहात महापौरांना उभं करते. लिफ्ट बंद का, पट्टे कोणाच्या सांगण्यावरून पुसले आणि पुन्हा कधी मारणार, तीनच गोष्टी विचारते." मी म्हणालो, "उत्तर द्यावं लागतं का त्यांना?" त्या म्हणाल्या, "प्रश्न पुकारला गेला की द्यावंच लागतं. मात्र मधेच सभा तहकूब झाली तर प्रश्न रद्द होतो आणि तोच प्रश्न सहा महिने परत घेता येत नाही. पण तहकूब कशाला करतील?" मी या बाईंना दोष देण्यासाठी हे सांगत नाही. त्यांनी त्या वेळी मनापासून सांगितले असे माझे मत आहे.

काल सभा होती. मी व माझी मेहुणी, म्हणजे पत्नीची धाकटी बहीण, प्रेक्षक गॅलरीत बसलो होतो. गॅलरी सभागृहाच्या वर, मागच्या बाजूस आहे. तिथून महापौरांचा चेहरा समोर दिसतो व नगरसेवकांच्या माना व टेबलाखालचे हात दिसतात. निम्म्या हातांत मोबाईल होते.

सुरुवातीस पाण्याचा प्रश्न होता. एका वयस्कर नगरसेवकांनी उठून विचारले, "महापौर महोदय, आमच्या भागात पाणी येतं तरी कधी?"

महापौर म्हणाले, "येतं की. तुम्ही झोपलेले असता तेव्हा."

ते म्हणाले, "मी झोपतो ते इथे, सभागृहात. घरी रात्रभर नळापाशी बसलेलो असतो."

सगळे हसले. महापौरही हसले. विरोधी पक्षनेते म्हणाले, "मग यांच्या खुर्चीपाशीच एक नळ द्या." पुन्हा हशा झाला. पाणी कधी येणार हे शेवटपर्यंत कोणी सांगितले नाही व विचारणाऱ्यानेही परत विचारले नाही. ते समाधानाने खाली बसले. नंतर कचऱ्याच्या गाडीचा प्रश्न तसाच झाला. मोकाट कुत्र्यांच्या प्रश्नावर कोणी खालून भुंकून दाखवले. माझी मेहुणी म्हणाली, "भावोजी, ही सभा आहे की शाळेतला मोकळा तास?" मी तिला गप्प राहण्यास सांगितले, कारण पुढचा प्रश्न आमचा होता.

नगरसचिवांनी प्रश्न पुकारला. नगरसेविका उठल्या व वाचू लागल्या. त्यांनी माझ्या पत्नीचे नाव घेतले, प्रसूतिगृहाचे नाव घेतले, आणि "पादचारी पुलाची लिफ्ट" इथपर्यंत आल्या असता महापौरांनी हात वर केला. ते म्हणाले, "सन्माननीय सदस्या ज्या भगिनीचा उल्लेख करताहेत त्या आपल्या महापालिकेच्याच कुटुंबातल्या. सेवेत असताना गेल्या. आधी माणुसकी, मग प्रश्न. मी दुखवट्याचा ठराव मांडतो."

या सभागृहाची अशी रीत आहे की सेवेतला कर्मचारी मयत झाल्यास त्याच्या दुखवट्याचा ठराव करता येतो, व ठराव झाला की आदर म्हणून सभा तहकूब होते. एरवी लहान कर्मचाऱ्यांचे ठराव सभेच्या अखेरीस, सगळे उठू लागले असताना, एका ओळीत उरकतात. हे मला प्रसूतिगृहातल्या लोकांकडून कळले. त्यांचा एक वॉर्डबॉय गेला तेव्हा त्याचे नावही नीट घेतले नव्हते. माझ्या पत्नीला मात्र सभेच्या मध्यावर, तिच्याच प्रश्नाच्या ऐन तोंडावर, हा मान मिळाला.

नगरसेविका म्हणाल्या, "महापौर, आधी उत्तर द्या. दुखवटा त्यानंतरही होईल."

त्यावर विरोधी पक्षनेते बोलले. मला वाटले ते नगरसेविकांच्या बाजूने बोलतील, कारण ते दोघे एकाच पक्षाचे आहेत. ते म्हणाले, "ताई, बसा. निदान मेलेल्या माणसावर तरी राजकारण नको." हे बोलताना ते आपला चष्मा डबीत ठेवत होते व पिशवीची चेन लावत होते. त्यावरून सभा आता संपणार हे त्यांना आधीपासून माहीत होते असे मला वाटले. हे माझे मत आहे, पुरावा नाही. नगरसेविका काही क्षण उभ्या राहिल्या व मग बसल्या.

महापौरांनी समोरच्या फाईलमधून ठरावाचा कागद काढला. तो आधीच टाईप केलेला होता. त्यांनी वाचले की महापालिकेच्या कर्तव्यदक्ष व हसतमुख कर्मचारी यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले, त्यांच्या जाण्याने कधीही न भरून निघणारी पोकळी निर्माण झाली आहे. मग ते म्हणाले, "दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या."

सगळे उभे राहिले. आताच भुंकणारेही उभे राहिले व त्यांनी चेहरे गंभीर केले. दिव्याचे बटण दाबावे तसे ते चेहरे बदलले. वरून मला दिसत होते की एक जण मोबाईलवर अंगठा फिरवत होते, एक जण खाली बघून तोंडातले काहीतरी चघळत होते, आणि दारापाशी चहाचे कप मांडल्याचा आवाज येत होता. त्या वेळी मला किळस आली. राग हा शब्द त्यासाठी बरोबर नाही. रागात माणसाला काही करावेसे वाटते. मला फक्त तिथली हवा नाकात जाऊ नये असे वाटत होते.

मी बसून राहिलो. हे खरे आहे. गॅलरीतला सुरक्षारक्षक जवळ आला व हळूच म्हणाला, "आजोबा, उठा. श्रद्धांजली चालू आहे."

मी विचारले, "कोणाला?"

तो म्हणाला, "कोण ती एक नर्सबाई गेली ना, तिला."

मी म्हणालो, "ती माझी बायको."

तो मागे सरला. त्याने मला पुन्हा हटकले नाही, हे त्याच्या बाजूने लिहून घ्यावे. मेहुणी मात्र उभी होती. ती कुजबुजली, "भावोजी, उठा हो, लोक बघताहेत. ताईसाठी तरी." मी म्हणालो, "ताईसाठीच बसलोय." त्यावर तिने खाली सभागृहाकडे एकदा पाहिले व तीही बसली. खुर्ची जुनी असल्याने मोठा आवाज झाला. तो आवाज मुद्दाम केला असे तक्रारीत म्हटले आहे, ते खोटे आहे.

मग मी बोललो. शब्द असे होते : "ती आजारी नव्हती." मी ओरडलो नाही, पण सगळीकडे शांतता असल्याने ते खालपर्यंत गेले. माना वर वळल्या. महापौरांनी वर पाहिले. मी पुढे म्हणालो, "तिला गाडीनं उडवलं. कागद दुरुस्त करा आणि प्रश्नाचं उत्तर द्या." याखेरीज मी काही बोललो नाही. मी शिवी दिली असे तक्रारीत आहे. मी आयुष्यात शिवी दिलेली नाही. माझी पत्नी असती तर तिने कदाचित दिली असती.

नगरसचिवांनी महापौरांच्या कानात काही सांगितले. महापौर म्हणाले, "मजकूर नंतर तपासून घेऊ. ठराव एकमताने मंजूर. सभा तहकूब." त्यानंतर दोन मिनिटे पुरी होण्याची कोणी वाट पाहिली नाही. दारापाशी चहासाठी गर्दी झाली. पाण्याचा प्रश्न विचारणारे व महापौर एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बाहेर गेले.

मी गॅलरीतच थांबलो. काही वेळाने नगरसेविका वर आल्या. त्यांच्या हातात चहाचा कप होता. तो त्यांनी आधी माझ्यापुढे धरला व मग काय करावे न सुचून खुर्चीच्या हातावर ठेवला. त्या म्हणाल्या, "काका, मी काय करणार होते? सगळे उभे राहिल्यावर मी एकटी बसून राहू? मला निर्दय म्हणाले असते."

मेहुणी म्हणाली, "आम्ही बसलो ना."

त्या म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला पुढच्या वेळी तिकीट मागायचं नाहीये." मग त्यांनाच ते बोलणे लागले असावे. त्या म्हणाल्या, "सहा महिन्यांनी परत लावते प्रश्न. शब्द देते."

मेहुणी म्हणाली, "सहा महिन्यांत त्या फटीत आणखी किती जणांना श्रद्धांजली वाहाल, ताई? फलकच लावून ठेवा तिथे, नाव तेवढं बदलत राहा." नगरसेविका रडू लागल्या. मला त्यांचे वाईट वाटले नाही. याचे मला आज थोडे वाईट वाटते.

त्यानंतर महापौर स्वतः वर आले. सोबत नगरसचिव, एक फोटोवाला व हातात गुच्छ घेतलेला शिपाई होता. नगरसचिवांकडे ठरावाची प्रत प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये होती. महापौरांनी शिपायाकडून गुच्छ घेतला व माझ्यापुढे धरून म्हणाले, "काका, तुमचं दुःख मी समजू शकतो."

मी विचारले, "लिफ्ट चालू आहे का?"

ते म्हणाले, "माझ्या आईसारख्या होत्या त्या."

माझी पत्नी महापौरांपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. मी पुन्हा विचारले, "लिफ्ट चालू आहे का?"

ते म्हणाले, "आपण बसून बोलू. मुलांपैकी कोणी नोकरीच्या शोधात आहे का?"

मी तिसऱ्यांदा तेच विचारले. फोटोवाला म्हणाला, "काका, जरा इकडे बघा, आणि हात पुढे करा." मी हात पुढे केला नाही. महापौरांनी गुच्छ माझ्या हातात आहे असे समजून सोडला असावा, कारण त्यांचे लक्ष फोटोवाल्याकडे होते. गुच्छ खाली पडला. तक्रारीत मी तो फेकला असे आहे. मी फेकला नाही. मी घेतला नाही, म्हणून पडला. फोटोवाल्याकडे त्या क्षणाचा फोटो असेल. तो मागवून घ्यावा.

महापौर नगरसचिवांना म्हणाले, "काय माणूस आहे. बायकोच्या दुखवट्याला उभा राहत नाही." हे त्यांनी मला ऐकू जाईल असे म्हटले. मग मला बाहेर जाण्यास सांगण्यात आले. मी म्हणालो की उत्तर मिळाल्यावर जाईन. दोन रक्षकांनी मला दंडाला धरून जिन्याने खाली आणले. त्यांनी मारहाण केली नाही. मेहुणी वाटेत त्यांना सतत सांगत होती की "सांभाळून, हळू, त्यांना रक्तदाब आहे." रक्तदाब मला नाही. तो माझ्या पत्नीला होता.

तक्रारीत माझ्यावर तीन गोष्टी ठेवल्या आहेत. सभेच्या कामात अडथळा, महापौरांच्या पदाचा अवमान आणि मयत व्यक्तीचा अवमान. तिसरी गोष्ट मला दोनदा वाचून दाखवावी लागली, कारण पहिल्या वेळी मला वाटले माझ्या ऐकण्यात चूक झाली. पहिल्या दोन गोष्टींबाबत जे घडले ते मी वर सांगितले आहे. तिसऱ्या गोष्टीबाबत मला काही सांगायचे नाही.

आज सकाळी महापौरांचे स्वीय सहायक ठाण्यात आले होते. ते माझ्याशी नम्रपणे बोलले. ते म्हणाले, "काका, साहेबांचा राग गेलाय. तुमच्या वयाकडे बघून ते तक्रार मागे घ्यायला तयार आहेत. झाल्या प्रकाराबद्दल दोन ओळी माफीच्या लिहून द्या, विषय संपला." हवालदारांनीही मला तोच सल्ला दिला व तो चांगल्या मनाने दिला असे मी मानतो. ते म्हणाले, "कशाला या वयात कोर्टाच्या पायऱ्या चढताय?" मी म्हणालो की माझे गुडघे चांगले आहेत.

मी माफी मागणार नाही व तक्रार मागे घेतली जाऊ नये अशी माझी विनंती आहे. माझ्यावर गुन्हा नोंदवावा व प्रकरण न्यायालयात पाठवावे. नोकरीत असताना खोट्या काट्यांच्या खटल्यांत मी पुष्कळदा साक्ष दिली आहे. तक्रार करणाऱ्याला पिंजऱ्यात यावे लागते, शपथ घ्यावी लागते व समोरच्याच्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते, हे मला माहीत आहे. या प्रकरणी तक्रारदार महापौर आहेत. मी वकील देणार नाही. प्रश्न मी स्वतः विचारीन. त्या वेळी मी सभेत कोणत्या प्रश्नांची उत्तरे मागत होतो हे न्यायालयाला कळणे आवश्यक असल्याने ते प्रश्न इथे लिहून घ्यावेत. प्रसूतिगृहासमोरील पुलाची लिफ्ट उद्घाटनानंतर एक दिवस तरी लोकांसाठी चालू होती का? रस्त्यावरचे पट्टे कोणाच्या सांगण्यावरून पुसले? ते पुन्हा कधी मारणार?

हवालदार म्हणाले, "काका, कोर्टातसुद्धा तारखा पडतात. तिथं काय लगेच उत्तर मिळतंय?"

मी म्हणालो, "पडू द्या. तारीख पडली तरी प्रश्न रद्द होत नाही."

आज ठाण्यात येण्यापूर्वी मी रस्त्यापर्यंत गेलो होतो. फट तशीच आहे. माझ्यादेखत एक गरोदर बाई व तिची सासू त्यातून आल्या. मी हात दाखवून गाड्या थांबवल्या. एका गाडीवाल्याने मला वेडा म्हटले. हे या प्रकरणात येत नसेल तर गाळावे, पण गाळल्यास तसे मला सांगावे.

वरचा सर्व मजकूर हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले तेच त्यात उतरले आहे, कमी नाही व जास्त नाही. एकाच ठिकाणी खाडाखोड आहे. "झाल्या प्रकाराबद्दल मी माफी मागतो" असे हवालदारांनी माझ्या भल्यासाठी आपणहून लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून कापले आहे. कापल्या जागी मी सही केली आहे, तशीच खाली करत आहे.